अंगणातला ड्रायव्हर

उमलाझी, ८ नोव्हेंबर

बाबा,

मानाने गुडघे टेकून तुमची नोक्वांडा बोलतेय. मी बरी आहे, काळजी नको.

माझ्या अंगणातला तो काळा-पांढरा पक्षी आठवतो ना? लाल चोचीचा, हातभर शेपटीचा, दाण्यांच्या ताटलीवरून सगळ्यांना हुसकावणारा? बसमध्ये तुमचा जसा दरारा, तसाच त्याचा. म्हणून मी त्याला ‘ड्रायव्हर’च म्हणते.

मे महिन्यात तो दिसेनासा झाला. मी शेजारच्या मादुबेच्या बोक्यावर आळ घेतला. ती कडाडली, “अगं, त्या म्हाताऱ्याच्या तोंडात दात तरी आहेत का?” पाच महिने आमचं बोलणं बंद.

जून-जुलैच्या थंडीत ताटलीवर एक तपकिरी, बिनशेपटीचा पक्षी यायचा. फोटो मी त्याचेही काढत राहिले. परवा सगळे ओळीने मांडले, तर दर फोटोत शेपटी थोडी वाढलेली! चोच मात्र पहिल्यापासून तीच, लाल. तो कुठे गेलाच नव्हता, बाबा. नुसती पिसं बदलली होती.

लगेच पाण्याची परात घेऊन मादुबेकडे गेले. रीतीप्रमाणे दोघींनी एकाच पाण्यात हात धुतले, भांडण मिटलं. “आता बोक्याचे पाय धर,” म्हणाली.

आई सांगते, निवृत्त होऊन टोपी खुंटीला टांगल्यापासून तुम्ही फाटकापर्यंतसुद्धा जात नाही. खरं का? जेवता ना नीट?

सोबत दोन फोटो आहेत. बिनशेपटीच्या फोटोमागेही मी ‘ड्रायव्हर’ असंच लिहिलंय.

तुमची लेक,
नोक्वांडा