चारही चाकांत तीस

७ जानेवारी २००७, रविवार
आज गाडीत नायट्रोजन भरला. चारही चाकं, शिवाय स्टेपनी. वाल्व्हवर हिरवी टोपणं लावून मिळाली. ज्याला कळतं त्याला लांबूनच कळेल.

सव्वीस वर्षं बाजव्याच्या कारखान्यात मी नायट्रोजन प्लांट चालवला. कुणी विचारलं नाही. ऑक्टोबरात कंपनीने हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. आणि तीन महिन्यांत पेट्रोल पंपावर माझ्याच गॅसची पाटी!

पंपावरच्या माणसाला सांगितलं, नुसता भरू नकोस. भर, सोड, परत भर, परत सोड, असं तीनदा. आतली साधी हवा पार निघाली पाहिजे. प्लांटमध्ये आम्ही टाक्या अशाच धुवायचो. तो त्याच्या गुजरातीत म्हणाला, काका, पाछळ लाइन छे. म्हटलं, असू दे. मागचे हॉर्न वाजवत बसले. वाजवोत.

११ जानेवारी, गुरुवार
घरातून पहिला अविश्वास. निरुपमा शाळेत शिकवून गाडीने परत आली आणि म्हणाली, मागचं डावं चाक बसलंय, जरा हवा बघून घ्या. मी शांतपणे समजावलं की नायट्रोजनचा रेणू टायरमधून असा सहजासहजी निसटत नाही आणि रेडियल टायर दिसतोच तसा. तिने ऐकून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात तिने माझं इतकं ऐकलेलं फारसं आठवत नाही.

संकल्प: या घरात चाकाच्या संदर्भात ‘हवा’ हा शब्द बंद.

१४ जानेवारी, रविवार
उत्तरायण. गच्चीवर सुभानराव आले होते. वीस वर्षं आम्ही एका शिफ्टला, एका डब्यात जेवलो. चारचौघांत म्हणाले, अहो, साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी रांगेत कशाला उभं राहायचं? सगळे हसले. निरुपमा हसली नाही, पण उंधियूचा वाडगा तिने सुभानरावांपुढेच आधी केला.

मला अठ्ठ्याहत्तर टक्के शिकवतात! घात करतात ते बावीसच. तीळगूळ दिला, पण मनापासून नाही. यापुढे वाद नाही, फक्त पुरावा. दाब मोजायचं गेज विकत आणणार आणि दर रविवारी सकाळी सात वाजता चारही चाकं मोजणार, तीस पौंड भरतात का ते. तसं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

२१ जानेवारी, रविवार, सकाळी ७.२०
तीस, तीस, तीस, तीस. मागचं डावंसुद्धा तीस!!

पार्किंगमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. निरुपमा दारात उभी होती. म्हणाली, किती महिन्यांनी हसलात. तिला गेज दाखवलं. तिने पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. हार मान्य करणं तिला जड जातं.

१८ फेब्रुवारी, रविवार
पाचवा रविवार. चारही तीस. तक्ता फ्रिजवर लावला आहे. निवृत्तीनंतर ठरवलेला मॉर्निंग वॉक अजून सुरू झाला नाही. सकाळी सातला मोजणी असते, त्यामुळे जमत नाही.

संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस उदयसिंहराव यांचा फोन. ज्येष्ठांच्या सभेत चौदा एप्रिलला माझं व्याख्यान ठेवायचं म्हणतात. विषय: टायरमधील नायट्रोजन, एका जाणकाराचा अनुभव. कारखाना सुटल्यापासून घरात फोन वाजला की तो निरुपमाचाच असतो. हा माझा होता. ‘जाणकार’ हा शब्द त्यांचा आहे, माझा नव्हे.

माणसं दगा देतात. कंपनीने दिला, सुभानरावांनी दिला. हा एक वायू इमानदार निघाला. हे वाक्य व्याख्यानात घ्यायचं.

२५ मार्च, रविवार
दहा रविवार, चाळीस नोंदी, चाळीसही तीस. सव्वीस वर्षांत प्लांटमध्येसुद्धा इतकं सरळ रीडिंग पाहिलं नाही.

उद्या निरुपमा लेकीच्या, शर्वरीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाते आहे. बॅग भरताना म्हणाली, दर शनिवारी मी गाण्याच्या क्लासला पाणीगेटला जाते ना, तशी तुम्हीही एक चक्कर मारत जा, गाडी चालती राहील. मी म्हटलं, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं? तिने बॅगेची चेन ओढली.

१ एप्रिल, रविवार
तीस, एकोणतीस, तीस. मागचं डावं अठरा.

सहा वेळा मोजलं. अठरा. गेज बिघडलं असावं.

२ एप्रिल, सोमवार
गेज ठीक आहे. म्हणजे पंपवाला साधी हवा मिसळतो. जाऊन चांगलं खडसावलं. परत तीनदा धुवून भरून घेतला. तो म्हणाला, काका, तमे ज मशीन चलावो. मशीन मीच चालवावं म्हणे! सगळं जग बाटलं आहे.

८ एप्रिल, रविवार
परत सतरा. पंपावर कायमचा बहिष्कार. साधी हवा तर भरणारच नाही, भेसळ मी करणार नाही. चाललं तर सतरावर चालवीन. तक्त्यात हे दोन रविवार लिहिलेले नाहीत. चौकशी सुरू असताना आकडे जाहीर करत नाहीत, हा प्लांटचाही नियम होता.

१२ एप्रिल, गुरुवार
पाणीगेटपाशी चाक पूर्ण बसलं. दोन भल्या माणसांनी ढकलून समोरच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत नेलं. दुकानदार इस्माईलभाई. गाडी पाहताच म्हणाला, आ तो बेननी गाडी!

कुठल्या बेनची?

मग त्याने सगळं सांगितलं. बेन दर शनिवारी संध्याकाळी येतात. चारही चाकांत बरोबर तीस करून घेतात, कारण साहेब सकाळी मोजतात. मागच्या डाव्याचा वाल्व्ह लीक आहे हे त्याने जानेवारीतच सांगितलं होतं. पण बेन वाल्व्ह बदलू देत नाहीत. म्हणतात, वाल्व्ह काढला तर साहेबांचा गॅस निघून जाईल. आणि हसत म्हणाला, बेन कहे छे, साहेब रविवारे खुश रहे छे.

दुसरा इलाज नव्हता, साधी हवा भरून घेतली. वाल्व्हला हात लावू दिला नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. बेनचं खातं नाही, बेनची ओळख आहे म्हणाला.

१३ एप्रिल, शुक्रवार
पाठीत खंजीर. तोही घरातला. दहा शनिवार माझ्या नाकाखालून! कंपनीने निदान कागद तरी दिला होता.

संकल्प: १) उद्या व्याख्यानात सगळं खरं सांगायचं. विज्ञानापुढे बायको नाही. २) रविवारी पुण्याला फोन करून तिला जाब विचारायचा. शब्द ठरवून ठेवले आहेत. पहिला शब्द ‘विश्वासघात’.

जेवलो नाही. भूक होती.

१४ एप्रिल, शनिवार
सभेला अकरा माणसं. तक्ता फळ्यावर लावला. खरं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुभानराव उठले. म्हणाले, उत्तरायणाला मी चेष्टा केली, चुकलं माझं. चाळीस नोंदी म्हणजे गंमत नाही. उद्याच मी नायट्रोजन भरतो. टाळ्या झाल्या.

मी आभार मानले. वेळेअभावी बाकीचा भाग राहिला.

१५ एप्रिल, रविवार
सकाळी मागचं डावं चोवीस.

दहा वाजता पुण्याला फोन लावला. मुलगी झाली. पहाटे. शर्वरी सुखरूप. निरुपमाचा आवाज रात्रभर जागल्यासारखा होता. मी ‘विश्वासघात’ म्हणणार होतो, पण तिनेच आधी विचारलं, आज किती आले?

मी म्हटलं, चारही तीस.

तिने ‘चारही?’ असं परत विचारलं. मग म्हणाली, छान. आणि पुढच्या महिन्यात मला घ्यायला स्टेशनवर गाडी आणू नका, मी रिक्षा करून येईन.