संडासातल्या कॅलेंडरावर मीनलचं नाव

न्यूनेन, १४ मे २००५

ती. प्रमिलाताईस,

मंजूषाचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आता कसं आहे? तेल चोळतेस, की बाटली कपाटात ठेवून गुडघ्याला नुसता धाक दाखवतेस? भावजींची शुगर, तुझ्या सासूबाईंचं कमी ऐकू येणं, गच्चीची गळती, सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत. (मजेत म्हणजे हे ऑफिसात आणि मी घरात.) ई-मेल न करता पत्र लिहितेय, कारण तुझी मेल भावजी उघडतात आणि जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. हे तू एकटीनं वाच.

विषय मीनलचा आहे. मीनल म्हणजे आमच्याच रांगेतलं तिसरं घर, मूळची नाशिकची, नवरा यांच्या ऑफिसात. आम्ही दोघी एकाच महिन्यात इथे आलो. मी रीतसर डच भाषेचा वर्ग लावला आणि परीक्षेत पहिली आले. मीनल वर्गाला दोनदा आली, तीही चहाच्या सुट्टीपुरती. आज गावात सगळे तिला हात करतात आणि मला बघून विचारतात, नवीन आलात का? कारण एकच. बाईला लाज म्हणून नाही. दुकानात वाट्टेल ते चुकीचं बोलते, लोक हसतात, तर ही त्यांच्याहून मोठ्यानं हसते. (मी एक वाक्य मनात घोळवून, तपासून, पुन्हा तपासून तोंड उघडते, तोवर दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलेला असतो.) एकदा रस्त्यानं जाताना कुणाच्या तरी घराचे पडदे आवडले म्हणून हिनं सरळ बेल वाजवली आणि तासाभरानं उरलेलं कापड काखेत घेऊन बाहेर आली. मला खोटं बोलता येत नाही, ताई, माझा जळफळाट होतो. तिनं गाडी घेतली असती, हार घेतला असता, तर एवढं वाईट वाटलं नसतं. ती वस्तू निदान मलाही घेता आली असती.

त्यात तीस एप्रिलला राणीचा सण आला. त्या दिवशी इथली चांगली खातीपिती माणसं रस्त्यावर चादर पसरून घरातली अडगळ विकायला बसतात. मीनल कोपऱ्यावर मेंदीचे कोन घेऊन बसली. मी वरच्या खोलीत, पडद्याआड. मनात म्हटलं, शोभतं का हे, आपल्या देशाबद्दल लोक काय म्हणतील? लोक काही म्हणाले नाहीत. ते बाह्या सरसावून रांगेत उभे राहिले. यांनी विचारलं, तुलाही मेंदी येते ना, जाऊन बस की. मी म्हटलं, डोकं दुखतंय. (दुखत पोटात होतं.)

त्याच रांगेत आमच्या शेजारच्या कोरीबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, सायकल माझ्याहून जोरात चालवतात. त्यांनी पुढच्या आठवड्यात मला आणि मीनलला कॉफीला बोलावलं. एक कप, एक बिस्किट, डबा लगेच बंद. इथली पद्धत आहे, त्याचं काही नाही. मी मधेच त्यांच्या संडासात गेले आणि समोरच्या भिंतीवर बघते तर कॅलेंडर. आपल्याकडे दुधाचे खाडे मांडायला कॅलेंडर स्वयंपाकघरात असतं. यांचं संडासात, आणि तारखांपुढे माणसांची नावं. चाळता चाळता ऑक्टोबर आला आणि नऊ तारखेपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, मीनल.

ताई, मला इतका आनंद गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता. वाटलं, चार ठिकाणी मिरवलं ना, मिळाली की नाही जागा? घरी येऊन मी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या अश्लेषाला फोन लावला. ती इथे आठ वर्षं आहे. म्हटलं, अगं, त्या मीनलचं नाव म्हातारीनं चक्क संडासात टांगलंय. अश्लेषा शांतपणे म्हणाली, अगं, ते वाढदिवसांचं कॅलेंडर, इथे ते तिथेच असतं. रोज नजरेला पडावं म्हणून. ज्यांना विसरायचं नाही त्यांचीच नावं लिहितात. माझं दोन घरांत आहे. तुझं अजून कुठे नाही का?

मी फोन ठेवला आणि भाजी करपवली.

काल मी कोरीबाईंनी त्या दिवशी निघताना यांच्यासाठी दिलेला बिस्किटांचा डबा परत करायला गेले. (रिकामा कसा द्यायचा, म्हणून शंकरपाळे भरले होते.) गेल्या गेल्या संडास विचारला. आत बसून जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकेक नाव वाचलं. त्यांची मुलं, नातवंडं, दातांची डॉक्टरीण, एक फुली मारलेला नवरा, मीनल. मी नाही. पुन्हा डिसेंबरकडून उलटं वाचत आले. तेवढ्यात दारावर टकटक, बाईंना वाटलं मला आत चक्कर आली. बाहेर आले तेव्हा कान तापलेले होते. पण म्हणतात ना, ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. आले ते शब्द, जसे आले तसे, टाकले.

“मी पण. कॅलेंडरावर. माझं नाव लिहा.”

बाईंनी शंकरपाळ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही नेहमी पडदे ओढून घेता. आमचं काहीतरी चुकतंय, असं वाटायचं.”

म्हणजे बघ. मी इतके दिवस लोक काय म्हणतील म्हणून आत बसले, आणि लोक बाहेर बसून मी काय म्हणेन याची काळजी करत होते. बाईंनी पेन आणलं, आम्ही दोघी त्या एवढ्याशा संडासात दाटीवाटीनं उभ्या राहिलो आणि त्यांनी माझं नाव लिहिलं. आठ ऑक्टोबर. मीनलच्या बरोबर वर.

बाकी क्षेम. सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंजूषा

ता.क. आठ ऑक्टोबर कुठून आला, असं तू विचारशील अशी मला आशा आहे. तारीख विचारली तेव्हा समोर मीनलचं नाव दिसत होतं, तोंडातून तिच्या आदल्या दिवसाची तारीख निघून गेली. इथली राणीसुद्धा जानेवारीत जन्मली आणि आईच्या तारखेला, एप्रिलमध्ये, सण करते. मग मी काय पाप केलं? हे बोलायचे नाहीत, यांना खरी तारीख कुठे ठाऊक आहे? तेव्हा काम एवढंच, की आठ ऑक्टोबरला, शनिवारी, तुमच्या दुपारी अडीचला फोन कर. कोरीबाई तेव्हा केक खायला आलेल्या असतील. (इथे स्वतःचा केक स्वतःच आणायचा असतो, आणि स्वतःच सांगायचं असतं.) सगळ्यांना फोनवर घे. मोठ्यानं बोला.

ता.ता.क. खरी तारीख सांगितली असती, तर ती दोनच दिवसांआधीची निघाली असती. मग कोरीबाईंनी विचारलं असतं, कोण आलं होतं, काय केलं? तेवढी लाज काही मला सोडता आली नाही. मी रागावलेले नाही, तुझ्या मागेही खूप असतं. पण अकरा मेला मी दिवसभर फोनजवळच होते, ताई.