एक साल थांबा

माणगाव, १९३४

बाबा,

गेल्या साली बुधाजीकाका त्यांची कालवड वळूकडे न्यायला निघाले, तेव्हा तुम्हीच त्यांना अडवलंत. "माजावर आली म्हणून काय झालं? अजून अंग भरलं न्हाय. एक साल थांब."

त्याच महिन्यात मला न्हाण आलं आणि आईनं सासरी निरोप धाडला. मी तुमचे पाय धरून म्हणाले, "मलाही एक साल ठेवा." तुम्ही गाडी जुंपलीत.

काल माझं बाळ पोटातच गेलं. सुईण म्हणाली, "पोरच अजून वाढीची हाय."

तुम्हाला आणायला माणूस गेलाय, म्हणून हे पत्र धाडत नाही. तुम्ही याल तेव्हा सासूबाई सांगतील, ती झोपलीय. मी जागी असेन, पण डोळे उघडणार नाही.

तुमची म्हणवत नाही,
सत्यवती