मावशीचं आडनाव

माय, तुझ्याबद्दलची एक गोष्ट मला गेल्या महिन्यात कळली. ती तुला माहीत नव्हती आणि मलाही नव्हती. तू जाऊन दहाएक वर्षं झाली, तरी ती ऐकताना पहिला विचार हाच आला की घरी गेल्यावर मायला सांगू. मी आता नांदेडला एका शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी रॅप करते. तू ज्याला भांडण म्हणायचीस तेच. ते काही सुटलं नाही. उलट आता रविवारी वाचनालयाच्या गच्चीवर पोरंपोरी माझ्याकडे शिकायला येतात, मला ताई म्हणतात, आणि मी त्यांच्या वह्या तपासल्यासारखी त्यांची गाणी तपासते. तू पाहिलं असतंस तर हसली असतीस, आणि मग सगळ्यांना आधी जेवायला बसवलं असतंस.

लातूरची ती मेस मला आजही वासानं आठवते. ओलं पीठ, फोडणीतला लसूण आणि केसांना तेल लावून घाईनं जेवायला उतरणाऱ्या मुली. बाबा बिलोलीला आजीजवळ राहिले होते आणि मला शिकवायचं म्हणून तू मला घेऊन लातूरला आलीस. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींच्या त्या मेसमध्ये तू स्वयंपाकाला लागलीस. मागची खोली आपली. मालकीणबाई वाईट नव्हत्या. पण पहिल्याच दिवशी त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कोणी विचारलं तर बिलोलीची आहे एवढंच सांग, पुढचं काही सांगत बसू नको. त्यांना आपण बौद्ध आहोत हे माहीत होतं. त्यांची हरकत नव्हती, पण मुलींच्या आईबापांची असेल अशी भीती होती. तू मान हलवलीस आणि पदर खोचून पीठ मळायला बसलीस. मुली तुला मावशी म्हणू लागल्या, आणि त्या इमारतीत तुझं दुसरं नाव कुणाला लागलंच नाही.

मी अकरावीत असताना बिलोलीच्या भीमजयंतीला स्टेजवर पहिल्यांदा रॅप म्हटला, तो दिवस तुला आठवत असेल. फोनवर ऐकून ऐकून केलेलं गाणं होतं ते. माझी काळी गाडी, माझ्या गळ्यात सोनं, माझ्या नादी लागू नका, असलं काहीतरी. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मी हवेत घरी आले तर तू चुलीपुढं बसली होतीस आणि वर न बघता विचारलंस, "ही गाडी कुणाची?" मी म्हटलं, माय, रॅपमध्ये तसं म्हणायचं असतं, सगळेच म्हणतात. "सगळ्यायकडं गाड्या हायत?" तू विचारलंस. नाहीत, असं मी म्हटलं. तेव्हा तू तव्यावरची भाकर उलटलीस आणि म्हणालीस, "मग समदे खोटंच बोलून राहिलेत. जे खाल्लं न्हाई त्याची चव लोकायला कशाला सांगायची?" मी त्या रात्री जेवले नाही. मला वाटलं तुला यातलं काही कळत नाही. खरंच पुष्कळसं कळत नव्हतंही. ठेका काय, बोल का तोडायचे, एवढ्या घाईनं का म्हणायचं, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. पण गाडीबद्दल तू बरोबर होतीस.

त्याच वर्षीच्या दिवाळीत मालकीणबाई कामाच्या सगळ्या बायकांना साड्या देत होत्या. तू म्हणालीस, मला साडी नको, त्याऐवजी माझ्या लेकीला गाण्याचा माईक घेऊन द्या. त्या चाटच पडल्या. गंजगोलाईतल्या दुकानदारानं भजनासाठी चांगला आहे म्हणून एक माईक दिला, तोंडाशी निळा दिवा लुकलुकणारा. तो बोलण्यापेक्षा खरखरायचाच जास्त. तू तो मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर ठेवलास आणि पहिले काही दिवस स्वतःच त्यात "हॅलो, हॅलो, जेवायला या" म्हणून बघितलंस. मुली जिन्यावरून हसत उतरायच्या. दुसऱ्याच्या गाडीवरून रागावलेल्या बाईनं मला माईक का दिला, हे मी तुला विचारलं नाही. मला तेव्हा ते विचारण्यासारखं वाटलंच नाही.

मग ती दुपार. एका मुलीची आई गावाहून भेटायला आलेली आहे. लेकीबरोबर पंगतीला बसते, वरण दोनदा मागून घेते आणि जेवण झाल्यावर मुद्दाम स्वयंपाकघरात येते. मी कोपऱ्यात कांदे चिरते आहे. बाई मनापासून बोलतात, तुमच्या हाताला चव आहे, आमच्या पोरीचं वजन वाढलं, बरं वाटलं. मग सहज विचारतात, गाव कोणतं. तू सांगतेस बिलोली. आडनाव? तू हात पदराला पुसतेस. मग हसून म्हणतेस, "इथं समद्या पोरी मला मावशीच म्हणतेत. तुमी बी मावशीच म्हना." आणि त्यांच्या हातात लेकीसाठी बांधून ठेवलेली दशमी देतेस. बाई खूश होऊन जातात. माझ्या हातातली सुरी थांबलेली असते.

खोलीत आल्यावर मी तुझ्याशी भांडले. का नाही सांगितलंस? आपण काय चोरी केली आहे? तू पायाला तेल चोळत होतीस. म्हणालीस, सांगितलं असतं तर त्या बाईनं उद्या चार जणींच्या आयांना सांगितलं असतं, मग मालकिणीला मला काढावं लागलं असतं, मग तुझं कॉलेज. मी म्हटलं, मी यावर गाणं करणार आहे, आडनावासकट. मला वाटलं तू रागावशील. तू तेलाची वाटी बाजूला सरकवलीस. मग म्हणालीस, "कर. पण मी इथं हाय तोवर म्हनू नको."

मी गाणं केलं आणि म्हटलं नाही. माझं बी.एड. होता होता तू गेलीस. त्यानंतरही कितीतरी वर्षं म्हटलं नाही. 'इथं' म्हणजे मेसमध्ये की आणखी कुठं, याचा मी फार विचार केला. शेवटी ठरवलं की तू मेसबद्दलच बोलत होतीस. भाकरी थापण्याचं काम होतं तुझं, जग सोडून जायची भाषा तू कधीच केली नाहीस.

आता गच्चीवरच्या पोरांबद्दल सांगते. ती पहिल्या दिवशी हमखास विचारतात, ताई, हिप हॉपमध्ये विषय कोणते घ्यायचे? कुणाला मोठ्या शहरातल्या टोळ्यांवर लिहायचं असतं, कुणाला नुसत्या शिव्या द्यायच्या असतात. नायगावचा एकजण प्रत्येक ओळीत आईबहिणीवरून शिवी घालायचा. त्याला मी म्हटलं, राग तुझा भरतीची परीक्षा पुढं ढकलणाऱ्यांवर आहे आणि शिवी तू कुणाच्या आईला देतो आहेस, ती तर तुझ्याच आईसारखी रोजानं गेलेली असेल. तो हिरमुसला, पण पुढच्या रविवारी भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांवर गाणं घेऊन आला. चांगलं होतं. हदगावची एक मुलगी आहे. तिची गणिताची शिकवणी अंधार पडल्यावर सुटते म्हणून घरच्यांनी ती बंद केली. त्याच शिकवणीला तिचा भाऊ जातो. तिला वाटायचं हा काय विषय आहे. मी म्हटलं, हाच. सोळाव्या वर्षी लग्न ठरलेल्या मैत्रिणीवर लिहा, फोनवरच्या जुगारात बुडालेल्या दोस्तावर लिहा, आणि आपण बोलतो तसंच लिहा, हाय म्हणा, न्हाई म्हणा, पुण्याची भाषा उसनी आणू नका. नुसतं रडगाणंही नको. आपल्या गल्लीत हसतात कसे तेही गाण्यात येऊ द्या. एवढं बोलून झाल्यावर गेल्या थंडीत त्या हदगावच्या मुलीनं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडं असं एखादं हाय का, जे तुमी अजून म्हटलंच न्हाई?" मी म्हटलं, आहे. आणि मला माझाच राग आला.

म्हणून लातूरच्या मुलींच्या एका कॉलेजातून स्नेहसंमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा मी तेच गाणं ठरवलं. तिथल्या प्राध्यापकांचा फोन आला, विषय सामाजिक असू द्या, स्वच्छता, व्यसन, झाडं वगैरे. मी म्हटलं, मेसमधल्या जेवणावर आहे. ते म्हणाले, वा, हलकंफुलकं, छान. मी दुरुस्ती केली नाही.

मांडव भरलेला होता. पुढं पालक, मागं मुली, स्टेजवर पाहुणे. सुरुवातीला सगळे टाळ्यांचा ठेका धरून होते, कारण मी तुझं "जेवायला या" तुझ्याच सुरात म्हटलं. मग या ओळी आल्या:

पीठ माझ्या हाताला, नाव माझ्या ओठाला,
मीठ कळतं जिभंला, जात कळती का पोटाला?
वरण लई गोड म्हनता, वाटी पुढं करता,
आडनाव ऐकलं की ताट मागं सारता.

आणि त्याच्या पुढच्या ओळीत आपलं आडनाव. मी चाचरले नाही, माय. मी ते स्वच्छ म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, मग मुलींना माझ्यामागं म्हणायला लावलं. आधी मागच्या रांगेतल्या काहीजणी म्हणाल्या, मग बऱ्याच. पुढच्या खुर्च्यांमधल्या टाळ्या थांबल्या होत्या. दोघंतिघं उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि बसून राहिले हे मी जमेला धरते. खाली उतरल्यावर प्राध्यापक म्हणाले, पुढच्या वेळी खरंच झाडांवर घ्या. मी म्हटलं, सर, पुढच्या वेळीही मी माझंच घेईन, बोलवायचं का ते तुम्ही ठरवा.

चहाच्या वेळी स्टेजवरच्या पाहुण्या माझ्याजवळ आल्या. त्याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी, आता लातूरलाच डॉक्टर. माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मेसचं नाव घेतलं, गल्ली सांगितली. मग म्हणाल्या, "मी वरच्या मजल्यावर राहायचे. आम्हाला माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही काय माहीत होतं. त्यांनी सांगितलं. एका वर्षी आपण जयंतीला बिलोलीला गेलो नव्हतो, तू लातूरच्याच मिरवणुकीत गेली होतीस, पांढरी साडी नेसून. त्यांच्या खोलीतल्या एका मुलीनं तुला तिथं पाहिलं. ती येऊन सगळ्यांना सांगू लागली. तेवढ्यात खालून जेवायची हाक आली. तुझीच. त्या उतरल्या आणि जेवल्या. एकजण मात्र दोन दिवस बाहेर खात होती, मग तीही आली आणि तू तिला तब्येत बरी आहे का विचारलंस. त्यांच्यात ठरलं, घरी कुणी बोलायचं नाही. म्हणजे बघ माय, मालकिणीला माहीत होतं, मुलींना माहीत होतं, आणि तू एकटी ते सगळ्यांपासून लपवत होतीस. दोन वर्षं त्या मुली तुला सांभाळत होत्या आणि तू त्यांना.

मी विचारलं, "मग तिला का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही. वाटलं, मावशींना अवघडल्यासारखं होईल. आम्ही गप्प राहून चांगलं केलं असं मला इतके दिवस वाटत होतं." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या गाण्यातली आडनाव विचारणारी बाई माझी आई नव्हती. पण असू शकली असती."

मला त्यांना मिठी मारावीशीही वाटली आणि ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर ती लाजली नसती. तुम्हाला पंगतीत वाढताना तिचा पाय दर वेळी थोडा जपून पडायचा, तो पडला नसता. त्यांचे डोळे भरले. माझेही. तेवढ्यात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी धीर करून आली आणि म्हणाली, आमच्या मेसमधल्या काकूही आडनाव सांगत नाहीत, मी त्यांच्यावर गाणं करू का? मी म्हटलं, आधी काकूंना विचार. त्या नको म्हणाल्या तर थांब, पण तुला माहीत आहे हे त्यांना सांग. डॉक्टरबाई हे ऐकत होत्या.

आता पोरं विषय विचारतात तेव्हा माझं उत्तर तयार असतं. मी म्हणते, ज्याच्यावर सगळे पांघरूण घालतात आणि जे सगळ्यांना माहीत असतं, ते मोठ्यानं म्हणायचं. तेवढ्यासाठी हा ठेका आहे. बाकी गाड्या-बिड्या नंतर बघू.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुला अक्षर न् अक्षर जोडत वाचावं लागायचं, एवढं लांब तू वाचलंही नसतंस. मला म्हणाली असतीस, तूच सांग. पण सांगताना मी एक गोष्ट गाळली असती, म्हणून ती इथं लिहून टाकते. परवा नांदेडला नवीन घर बघायला गेले. घरमालकीण दारात उभी राहून खोल्या, पाणी, पार्किंग सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, आडनाव काय तुमचं? मी सांगितलं. पण स्टेजवर सांगते तसं नाही. इतकं हळू, की तिला ते पुन्हा विचारावं लागलं, आणि मग मी ते पुन्हा सांगितलं.