धरणाखाली राहिलेला उत्तररंग

प्रति,
मा. जलाशय सुरक्षा अधिकारी,
हॉलिनथॉर्प धरण व जलाशय,
यॉर्कशायर.

विषय : धरणाखालील सभागृहात मांडलेली कीर्तनाची गादी उचलण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : सभागृह सोडताना आम्हां सर्वांस दिलेले आपले पत्रक, त्यातील वाक्य, ‘आपली अडचण कोणत्याही भाषेत लिहून कळवा.’

महोदय,

१. मी अंबरीश गद्रे, राहणार लीड्स, हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त. इंग्रजी मला येते, परंतु हा विषय इंग्रजीत सांगायला गेलो आणि काय झाले ते पुढे येईलच. म्हणून आपल्या पत्रकावर विश्वास ठेवून मराठीत लिहीत आहे.

२. शनिवारी आमच्या मंडळाने हॉलिनब्रिजच्या सभागृहात ह.भ.प. प्रमोदिनीताई टेंबे यांचे कीर्तन ठेवले होते. लीड्समधले हॉल महाग, हा स्वस्त आणि पार्किंग भरपूर. वर धरण आहे हे सर्वांना ठाऊक होते. येताना सगळ्यांनी त्याचे फोटोही काढले. भिंतीला तडा गेला आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण ते आपल्यालाही त्याच दुपारी कळले.

३. कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात उपदेश आणि उत्तररंगात कथा. दोन्हींच्या मध्ये थोडे थांबून कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात, आणि कोणी पाहुणे आले असतील तर त्यांचाही सत्कार करतात. नेमके त्याच वेळी पिवळे जाकीट घातलेले एक पोलीस दारातून आत आले. आमच्या मंडळींना वाटले, कौन्सिलचे पाहुणे आले. माझी पत्नी निवेदिता हिने त्यांना हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि पुढच्या खुर्चीवर बसवले. ते काही सांगू लागले तोच पेटी आणि झांजा सुरू झाल्या. बिचारे टोपी मांडीवर ठेवून बसून राहिले. माणूस सज्जन. त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, ही या अर्जातली पोटविनंती समजावी.

४. कथेतला भक्त गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, देवाला हाका मारू लागला, आणि आम्ही सगळे डोळे पुसू लागलो, तेव्हा ते पोलीस उठून म्हणाले की वरचे धरण फुटण्याची शक्यता आहे, सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे. मागून कोणीतरी म्हणाले, “आरती होऊ द्या हो, आरतीआधी उठायचं नसतं.” ते म्हणाले, “नाऊ, प्लीज.” आम्ही उठलो. ताईंना दोघांनी हात धरून गाडीत बसवले. गादी, म्हणजे पांढरी चादर, तक्क्या, समई आणि पुढचे तबक, सगळे जागच्या जागी राहिले.

५. आता मुद्दा. ताई आमच्याच घरी उतरल्या आहेत. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. कीर्तनाच्या दिवशी आरती होऊन गादी उचलेपर्यंत त्या अन्न घेत नाहीत, हा लग्नाआधीपासूनचा नेम. आरती झालेली नाही. गादी उचललेली नाही. म्हणजे त्यांच्या लेखी अजून शनिवारच चालू आहे. आज गुरुवार. त्या कपभर दूध आणि अर्धे केळे यांवर आहेत, आणि त्यांना मधुमेह आहे. काल जिन्यात चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर ॲडमिट करावे लागेल. ताई त्यांना म्हणाल्या, “तुम्ही काळजी करू नका हं, तेवढं धरणाचं बघा.”

६. आम्ही उपाय केले नाहीत असे नाही. आमच्याच बैठकीच्या खोलीत चादर घालून बसा म्हटले. त्या म्हणाल्या, “अंबरीश, ज्यांना तिथे बोलावलंय ते तिथेच बसलेत. मी इथे कुणापुढे उभी राहू?” निवेदिता रागावली, “ताई, देवाला गाडीतून घेऊन येता आलं नसतं का?” यावर ताई हसल्या, पण जेवल्या नाहीत. माझी नात तनू इथेच जन्मलेली. ती मला म्हणते, “आजोबा, ते लोक वॉटर लेव्हल बघतायत, तुमचा कीर्तन नाही.” तिचे म्हणणे खरे आहे. मीही टीव्हीवर तेच बघत असतो. हेलिकॉप्टर खडीची पोती टाकते, पंप चालतात, पाणी बोटभर उतरल्याचे सांगतात; मी उठतो, ताईंच्या दारातून डोकावतो, पुन्हा टीव्हीपुढे येतो. पाणी उतरते आहे आणि ताईही उतरत चालल्या आहेत. कोण आधी तळ गाठेल याची धास्ती बसली आहे.

७. सोमवारी मी आपल्या हेल्पलाइनवर इंग्रजीत सांगितले की, आत कोणीतरी थांबले आहे, त्यांना मानाने निरोप द्यायचा आहे. पलीकडची मुलगी घाबरली. मंगळवारी आपण दोन जवानांना आत पाठवलेत. त्यांनी टेबलांखाली, पडद्यामागे, स्वच्छतागृहातही शोधले आणि कोणी नाही असे कळवले. त्यांचा जीव मी विनाकारण धोक्यात घातला, त्याबद्दल मला अत्यंत खेद आहे. आपण फोनवर जे बोललात ते योग्यच होते. परंतु महोदय, ते आत गेले आणि सुखरूप बाहेर आले! ही बातमी ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

८. आम्हाला आत सोडा असे मी आता म्हणत नाही. आपली माणसे पाहणीसाठी रोज तिकडे जातात. त्यांपैकी एकाने, ज्याची स्वतःची तयारी असेल त्यानेच, सभागृहात जाऊन मला फोन करावा आणि फोन गादीसमोर ठेवावा. ताई राहिलेली कथा थोडक्यात पुरी करतील. देव येतो, हात देतो, भक्त काठाला लागतो. मराठी कळण्याची गरज नाही, फक्त समोर कोणीतरी असले पाहिजे. श्रोत्यावाचून कीर्तन होत नाही. मग आरती आम्ही इथून म्हणू. ती झाली की त्याने हात जोडावेत, चादरीची घडी घालावी आणि निघावे. बूट काढणे आपल्या नियमात बसत नसेल तर राहू द्यावेत. ताईंना विचारले आहे. त्या म्हणाल्या, “जो माझ्यासाठी त्या भिंतीखाली जाईल, त्याला बूट माफ.” मात्र भोंगा वाजला तर सगळे तसेच टाकून त्याने पळावे, ही ताईंची सक्त ताकीद आहे.

९. माझा फोन चार्जरलाच लावलेला आहे. निवेदिताने तांदूळ धुऊन कुकरमध्ये ठेवले आहेत. आरती ऐकू आली की ती गॅस पेटवील.

भिंतीवर राबणाऱ्या आपल्या सर्व माणसांना ताईंचे आशीर्वाद कळवून थांबतो.

आपला विनम्र,
अंबरीश गद्रे

लीड्स,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. डॉक्टरांच्या पत्राची प्रत.
२. सभागृहाच्या मागच्या दाराची किल्ली. कुलूप जरा अडते. दार स्वतःकडे ओढून किल्ली फिरवावी.