चौतीस मार्कांचं केंद्र

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा जिना चढू देतोय ना? इथे विद्यापीठाच्या कचेरीत माझ्या गळ्यात एक नवीन लचांड पडलंय, आणि ते म्हणजे तुमचं केंद्र. लाँड्रीच्या माडीवर भरणाऱ्या प्रौढांच्या भूगोल वर्गाचा इतिहास म्हणे मी लिहायचा. तो वाचून साहेब ठरवणार, केंद्र ठेवायचं की कुलूप ठोकायचं.

पण आत्या, लिहू काय, कपाळ? वीस वर्षांत एकही माणूस पास नाही. बरं, नापास तरी धड व्हावं! दरवर्षी तुला चौतीस, न्हाव्याला चौतीस, बेकरीवाल्या मावशींना चौतीस, खालच्या लाँड्रीवाल्यालाही चौतीस, आणि पास व्हायला लागतात पस्तीस. साहेबांना कॉपीचा संशय आहे. खरं काय ते कळव. लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही राहू दे.

तुझा,
ठोंब्या

९ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

कॉपी म्हणे! जीभ झडो तुझ्या साहेबाची. नेमके चौतीस पाडायला किती अभ्यास लागतो, कल्पना आहे? आधी सगळं यावं लागतं, तेव्हा कुठे काय चुकवायचं ते कळतं. मी नद्या चोख लिहिते आणि वाळवंटं मुद्दाम समुद्रात ढकलते.

आता इतिहास घे लिहून. विद्यापीठाने आम्हाला बाकं पाठवली ती बालवर्गाची. बसलं की गुडघे हनुवटीला. खालून इस्त्रीची वाफ येते आणि नकाशे भिंतीवरून सुटतात. एकदा अख्खी आफ्रिका मास्तरांच्या डोक्यावर आली, तरी पठ्ठ्याने आतूनच शिकवणं चालू ठेवलं. पहिल्याच वर्षी त्यांनी नियम वाचून दाखवला, की पास झालेल्याला पुन्हा नाव घालता येत नाही. तेव्हापासून आमचं हे असं चाललंय. गेल्या साली न्हाव्याचा अंदाज चुकला, छत्तीस पडले. त्याने मास्तरांशी हुज्जत घालून दोन मार्क कापून घेतले.

मास्तरांची घरी वाट बघणारं कुणी नाही रे. आम्ही पास होऊन चालते झालो, तर तो माणूस रिकाम्या बाकांना भूगोल शिकवत बसेल. मला ते बघवणार नाही, स्पष्ट सांगते.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच आहे, तू साहेबाचा झालास तरी.

तुझी आत्या

१५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

धन्य आहात तुम्ही सगळे! हे मी साहेबांपुढे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी तर फर्मान काढलंय. या परीक्षेत सगळे पास झाले तर केंद्र राहील. एक जरी घसरला, तरी माडीवर कचेरीचे मोडके पंखे ठेवणार. पेपरही या खेपेला इथेच तपासणार.

तुझ्या पाया पडतो, एकदाच पास हो. रागावलीस तरी चालेल, अबोला मात्र धरू नकोस.

तुझा,
ठोंब्या

२ जुलै

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

केंद्र राहिलं पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत. आपण पास होऊन जायचं, याला एकही तयार नाही. लाँड्रीवाला तर म्हणाला, की पंख्यांनाच भूगोल शिकवू. शेवटी मावशींनी सगळ्यांना झापलं, की मास्तरांचा वर्ग जाण्यापेक्षा आपण गेलेलं बरं.

दिली बाबा परीक्षा. पण सवय वाईट! वाळवंट लिहिताना हात आपसूक समुद्राकडे निघाला, डाव्या हाताने धरून मागे आणला. न्हावी बरोबर उत्तरं लिहीत होता आणि हुंदके देत होता. मला पण रडू आलं. निकाल जरा गोड शब्दांत कळव, आणि आमच्यावर आहे तेवढी मर्जी असू दे.

तुझी आत्या

२० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळे पास! तू पहिली! केंद्र राहिलं!

पुढचं लिहायला हात धजत नाही. विद्यार्थी म्हणून तुमचं वर्गात येणं आता बंद. शिवाय वय झालं म्हणून मास्तरांना या महिन्यात निवृत्त केलंय. साहेब म्हणतात, नवा शिक्षक नाही. पास झालेल्यांनीच बिनपगारी शिकवावं, पण निदान एक विद्यार्थी हवा. केंद्र वाचवायला गेलो आणि तुमच्या मास्तरांनाच घरी बसवलं. दोन रट्टे घाल, पण उत्तर लिही.

तुझा,
ठोंब्या

४ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

आधी तो सुतकी चेहरा नीट कर. आम्ही चौघंही शिकवायला लागलो. नद्या माझ्याकडे, डोंगर न्हाव्याकडे, पिकं मावशींकडे, आणि लाँड्रीवाल्याकडे हवामान, कारण वाफेतलं त्यालाच कळतं.

विद्यार्थीही मिळाला, एकच आहे. निवृत्त गृहस्थ. या केंद्रातून ते कधी पास झालेले नाहीत, तेव्हा नियमाने नाव घालता आलं. वेळेआधी येतात, पण खोड अशी की फळा दिसला की खडू उचलतात. मावशींनी दोनदा दटावून जागेवर बसवलं, तेव्हा पोरासारखे हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

हुशार आहेत, तेवढीच एक काळजी. पण साहेबाला सांग, पेपर आता पुन्हा केंद्रातच, म्हणजे आम्हीच तपासणार. आणि आमचं ठरलंय, जीव गेला तरी मास्तरांना पस्तिसावा मार्क द्यायचा नाही.

तुझी आत्या