उलटी चालवलेली फिल्म

नाहूर, ८ नोव्हेंबर १९८४

आई, सुलक्षणाचा नमस्कार.

होय, जेवते वेळेवर. तुमच्यापेक्षा जाडी झालेय, आता भांडायला या.

काल शेजारची मीरा मला म्युझियममध्ये घेऊन गेली. समुद्राच्या जुन्या, मुक्या, छोट्या फिल्मा दाखवत होते. एकीत चार माणसं होडी ढकलून निघाली. होडी लांब गेली आणि फिल्म संपली.

मी मशीनवाल्याकडे गेले. म्हटलं, "परत आलेली दाखव." तो म्हणाला, "मावशी, एवढीच आहे." मी हलतेय कुठली? शेवटी वैतागून त्याने मशीन उलटं चालवलं. होडी मागे मागे येत किनाऱ्याला लागली, माणसं उलट्या पावलांनी वर आली. सगळे हसले. मीपण हसत होते, तर मीरा म्हणते, "डोळे पूस गं."

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना?

आई, तुमचा पोरगा नेला म्हणून सहा वर्षं तुम्ही समुद्राला शिव्या घालताय. आता मी गप्प ऐकणार नाही. त्या सकाळी वारा बघून हे जायला तयार नव्हते. "मग बसा बायकांत कोळंबी सोलत," असं चिडवून मीच त्यांना धाडलं.

सुलक्षणा